तीनदा धुतलेली बाटली

नाना, तुमच्या तोंडात गंगेचं पाणी मी घालू दिलं नाही.

हे आधी सांगून टाकते. गावात दुसऱ्या दिवसापासून तेच चाललंय, आणि दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्यापेक्षा माझ्याकडून गेलेलं बरं. तुमचा दिनकर स्वतः घाटाच्या पायऱ्या उतरून आपल्या नदीतून, गंगेतून, तांब्या भरून आला होता. काकूनं वर तुळशीचं पान टाकलं होतं. तुमचा श्वास मोजूनमापून यायला लागला होता, आणि काकूनं चमचा भरला तेव्हा मी तिचा हात धरला. म्हटलं, "काकू, ते नको. जारचं घाल." पाण्याच्या प्लँटवरून रोज सकाळी टेम्पोनं येतो तो जार. काकूनं चमचा खाली ठेवला. मग मीच जारचं पाणी चमच्यात घेतलं आणि तुमच्या ओठांना लावलं. तुम्ही ओठ उघडले नाहीत. पाणी गालावरून उशीवर गेलं. काकू परत तांब्याकडं वळेपर्यंत तुम्ही गेला होतात.

आपल्या घरात माणूस गंगेचं पाणी तोंडात घेऊन जातो. आजोबा तसे गेले, माझा बाप तसा गेला. तुम्ही कोरडे गेलात. काकू अजून माझ्याशी नीट बोलत नाही. एकदाच बोलली, तेही चुलीकडं तोंड करून. "जल्मभर त्या पाण्यात उभा ऱ्हायला मानूस. तेच प्याला. दोन थेंबानं काय मरनार व्हता का गं?"

नव्हता मरणार. दोन थेंबांनी काही होत नाही, हे मला काकूपेक्षा जास्त कळतं. त्याचीच तर नोकरी करते मी. पण त्या तांब्यात काय आहे हेही घरात मला एकटीलाच ठाऊक होतं, आणि हात आपोआप पुढं गेला. इतकी वर्षं जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही आणि शेवटच्या घटकेला हात तेवढा धरला. राग येतो, नाना. आधी माझाच येतो. मग बाकीच्यांचा. तुमचाही येतो, लाजत नाही सांगायला.

तुम्ही कशानं गेलात ते डॉक्टरनं कागदावर लिहून दिलंय. लिव्हर. तुम्ही दारूच्या वाटेला कधी गेला नाहीत, तरी डॉक्टरनं पहिलं तेच विचारलं, आणि काकूचा चेहरा पडला. मी म्हणू शकते का, की फवारणीच्या औषधानं गेलात? नाही म्हणू शकत. मी शिकलेली बाई आहे, सिद्ध झाल्याशिवाय बोलू नये असं मला शिकवलंय. आणि सिद्ध कुणी करायचं? ज्यांच्याकडं मशीन आहे त्यांनी. म्हणजे मी.

तर मग मशीनवरच येते.

त्या आधी तुमचे पाय आठवतात. आपण भोई माणसं. लोकांना वाटतं मासेमारी म्हणजे जाळं. तुमची मासेमारी पायानं व्हायची. जाळ्याचा बांबू रोवायच्या आधी तुम्ही कमरेइतक्या पाण्यात उतरायचात आणि तळव्यानं गाळ चाचपायचात. मग बुडी मारून मूठभर गाळ वर आणायचात, तळहातावर फोडायचात, नाकाला लावायचात. मी होडीत बसून विचारायची, "काय शोधता?" तुम्ही हात पुढं करायचात. सुतासारखे लालचुटुक किडे वळवळत असायचे. "हे हायेत ना, मग झिंगा हाय. झिंगा हाय, मग वाम हाय. वाम हाय तर आपुन हाय." शाळेत अन्नसाखळीचा धडा आला तेव्हा मला तो पाठ करावा लागला नाही. बाईंनी विचारलं, कुठं शिकलीस? मी म्हटलं, होडीत.

मी बीएस्सी झाले तेव्हा तुम्ही सायखेड्याच्या बाजारात पेढे वाटलेत. मासे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही माशाच्या वासाच्या हातानं पेढे. त्या दिवसापासून माझं नावच बदललं. "ए बीएस्सी, च्या टाक." पुढं एमेस्सी झाले तरी बीएस्सीच. म्हणायचात, "यमेस्सी म्हनायला तोंड लय फाकवावं लागतं." आपल्या घराण्यात कॉलेजच्या पायऱ्या चढलेली मी पहिली. मला अभिमान होता आणि आहे, त्याची माफी मी मागणार नाही. पण गंगापूर रोडवरच्या लॅबमध्ये पांढरा कोट चढवला आणि त्या अभिमानाचं काय झालं ते त्या बाटलीच्या दिवशी कळलं.

तो दिवस मी तुमच्यासमोर कधी काढला नाही. आता काढते.

तुम्ही सकाळच्या एसटीनं निघालात, शहरात द्वारका चौकात उतरलात, तिथून विचारत विचारत आलात. रिसेप्शनवरच्या मुलीनं आत फोन केला, "मॅडम, कुणी बाबा आलेत, सँपल द्यायचंय म्हणतात. वास येतोय जरा." मी बाहेर आले. तुम्ही खुर्चीवर बसला नव्हतात, भिंतीला टेकून उभे होतात, धोतर ओलं होईल म्हणून पिशवी अंगापासून लांब धरलेली. पिशवीतून बाटली काढलीत आणि काउंटरवर ठेवलीत. आत काळा गाळ. आणि बाटली कीटकनाशकाची. लेबल खरवडलेलं, पण झाकणाच्या रंगावरून मी दहा फुटांवरून ओळखली.

"नाना, ही औषधाची बाटली आहे!"

"तीनदा धुतलीय गं."

"कुठं धुतली?"

"गंगेत. आन् कुठं?"

मी हसले, नाना. मोठ्यानं हसले. रिसेप्शनची मुलगीही हसली, तिला कळलं नव्हतं तरी. आपल्या घरात त्या बाटलीत रॉकेल असायचं, तेल असायचं, आजोबांच्या बाटलीत तर प्यायचं पाणी असायचं. फेकायला ती एवढी मजबूत बाटली कशाला बनवतात, असं तुमचं म्हणणं. गाळात विष आहे हे दाखवायला तुम्ही विषाच्याच बाटलीत गाळ आणलात, आणि ती धुतलीत त्याच पाण्यात. ही चूक आपल्याच गावचा माणूस करू शकतो, कारण आपल्याच गावात दुसरी बाटली नसते. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी सांगत काय बसले, तर "याचा रिपोर्ट काढला तर बाटलीचाच निघेल."

तुम्ही ओशाळलात. पण हटला नाहीत. "बरं मंग तुझ्याकडची चांगली बाटली दे. उद्या परत आनतो. पोरी, गाळातले किडे गेले. आधी झिंगे गेले, मंग खेकडे. आता किडे बी नाय. पाय घातला की गार लागतो गाळ, मेलेल्या मानसावानी. कायतरी हाय त्यात. तुझं मशीन सांगंल ना?"

आतून साहेबांचा आवाज आला. द्राक्षांचे नमुने रांगेत लागले होते, कंटेनर बंदरावर निघायचे होते. आणि मी म्हटलं, "नाना, गाळाचं मशीन वेगळं असतं. ते आमच्याकडं नाही."

खोटं होतं. मशीन तेच असतं. गाळाची तयारी वेगळी करावी लागते, जास्त वेळ खातं, साहेबांना विचारावं लागलं असतं. एवढंच. पण तुमची ती ओली पिशवी, ती बाटली, ती हसणारी मुलगी, यातून तुम्हाला लवकर बाहेर काढायचं होतं मला. तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी.

तुम्ही मान डोलावलीत. "आसं व्हय," म्हणालात. बाटली परत पिशवीत टाकलीत. चहासुद्धा घेतला नाहीत. आणि गावात जाऊन काय केलंत? पारावर सगळ्यांना सांगितलंत, "आमची बीएस्सी म्हनती, गाळाचं मशीन येगळं आसतं. आलं की ती कळवनार हाय." दिनकरनं सांगितलं तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. माझी थाप तुम्ही माझी अब्रू म्हणून मिरवलीत.

मी दिवसभर करते काय, हे तुम्हाला एकदा सांगितलं होतं. परदेशातल्या पोरांनी द्राक्ष खाल्लं तर त्यांच्या पोटात औषध किती जाईल, ते बघते. जरा जास्त निघालं की माल परत. तिथं कायदा आहे, तारखा आहेत, सह्या आहेत. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि विचारलंत, "आन् फवारनीचा ब्लोअर धुतलेलं पानी कोन खातं, ते बघायला कोन हाय?" मी म्हटलं, विषय वेगळा आहे. शिकलेल्या माणसाला उत्तर नसलं की विषय वेगळा होतो.

पण नाना, आता माझं भांडण ऐका. ब्लोअर कोण धुत होतं? नदीतले मासे कमी व्हायला लागले तेव्हापासून तुम्ही बागायतदाराच्या द्राक्षबागेत फवारणीला जायला लागलात. छाटणी झाली की दिवसाआड फवारणी. तोंडाला गमछा, अंगाला तोच शर्ट. फवारणी झाली की ट्रॅक्टर थेट गंगेत उतरवायचात, टाकी तिथंच खळाळून घ्यायचात. उरलंसुरलं सगळं पाण्यात. वर फेस तरंगायचा. मी सुट्टीला आले होते तेव्हा भांडले होते तुमच्याशी. "तुम्हीच घालता आणि तुम्हीच रडता!"

तुम्ही टाकीचं झाकण लावत होतात. माझ्याकडं न बघता म्हणालात, "मंग कुठं धुवू? मालकाच्या हिरीवर? मालक म्हनतो, हिरीजवळ नको, पोरं पानी पेतात."

मालकाची पोरं. विहीर मालकाची, म्हणून तिला जीव आहे. गंगेला आपण आई म्हणतो, आरती करतो, आता कुंभासाठी शहरात तिच्या काठाला दगड लावून चकाचक करताहेत. आणि टाकी धुवायला तीच. या वाक्याचा राग माझ्या डोक्यातून आजही जात नाही, आणि गंमत बघा, तो मालकावर कमी आणि तुमच्यावर जास्त आहे. तुम्ही हे वाक्य इतक्या साध्या आवाजात कसं बोलू शकलात? ट्रॅक्टर तिथं सोडून का नाही आलात?

उत्तर मला ठाऊक आहे. बाप गेल्यावर मला शाळेतून न काढणारे तुम्ही. त्या ट्रॅक्टरच्या जिवावर माझी पुस्तकं आली. मी तुमच्यावर ओरडत होते ती भाषासुद्धा त्यातूनच आली होती. म्हणून तुम्ही उलट बोलला नाहीत. बोलायला हवं होतं, नाना. एकदा तरी म्हणायचं होतं, "तुझ्यासाठी उतरवतो गं ट्रॅक्टर." मग मी तरी गप्प बसले असते.

मागच्या उन्हाळ्यात मासे मरून वर आले तेव्हा तुम्ही मला फोन केलात. मी आले. पांढरी पोटं काठापर्यंत लागली होती. लोक पाट्या भरभरून नेत होते, तुम्ही काठावर उभे राहून शिव्या देत होतात, "खाऊ नका रे, येड्यांनो!" तिसऱ्या दिवशी तपासणीला सरकारी साहेब लोक आले. एकानं दोरीनं बाटली सोडून वरचं पाणी घेतलं. तुम्ही पुढं झालात.

"सायब, पान्याला काय इचारता? ते पैठनला पोचलं बी आसंल. खालच्याला इचारा."

"खालच्या कुणाला, बाबा?"

"गाळाला. तो कुठं जात नाय. समदं त्याच्यापाशी हाय."

साहेब हसला. मी हसले होते अगदी तसाच. पुढं कळलं, पाण्यात काही सापडलं नाही. सापडणार कसं? ही औषधं पाण्यात फार वेळ राहतच नाहीत, गाळाला चिकटून बसतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि तुम्हाला तळव्यातून. त्या साहेबासमोर तुमच्या बाजूला उभं राहून "हे बरोबर सांगताहेत" एवढे तीन शब्द मी बोलले नाही. ओळख निघाली असती, लॅबचं नाव निघालं असतं. मी गर्दीत मागं होते. तुम्ही वळून माझ्याकडं बघितलंत आणि लगेच नजर काढून घेतलीत, मला अडचण नको म्हणून. ते तुमचं नजर काढून घेणं मला मारून टाकतं.

तुमचा दहावा झाला त्या दिवशी मी लॅबमधून काचेच्या रुंद तोंडाच्या बाटल्या घेऊन आले होते. न विचारता. विधी उरकल्यावर दिनकरला म्हटलं, होडी काढ. तो म्हणाला, "आज?" म्हटलं, आजच. तोही आता फवारणीलाच जातो, तुमच्याच ट्रॅक्टरवर. तुमच्या जागी, जिथं जुना बांबू अजून तिरका उभा आहे, तिथं थांबवली. मी साडी खोचून उतरायला लागले तर म्हणाला, "थांब गं. नाना खालून वर चालायचे, पान्याच्या तोंडावर. नायतर आपल्याच पायानं गढूळ व्हतं. आन् वरचा दोन बोटंच गाळ घ्यायचा, खालचा जुना." पुस्तकात नेमकं हेच लिहिलंय. दिनकर दहावी नापास आहे.

गाळ खरोखर गार होता. मी बोटांनी फोडून बघितला. लाल सूत कुठं नाही. वरचा घेतला, आणि दुसऱ्या बाटलीत मुद्दाम हातभर खालचाही घेतला.

लॅबच्या कॉम्प्युटरवर नमुन्याची नोंद करताना यादीत द्राक्ष येतं, डाळिंब येतं, कांदा येतो. गाळ येत नाही. मी "इतर" केलं आणि गाळ लिहिलं. ग्राहकाच्या रकान्यात तुमचं नाव लिहिलं. सुट्टीच्या दिवशी येऊन तयारी केली. तेच मशीन. तेच, नाना, ज्याच्यापासून तुम्ही वीस पावलांवर भिंतीला टेकून उभे होतात.

वरच्या गाळात निघाली ती नावं गावातल्या कुणालाही पाठ आहेत, प्रत्येक शेडच्या फळीवर त्यांच्या बाटल्या आहेत. ते अपेक्षितच होतं. पण खालच्या गाळात एक जुनं नाव निघालं. ते औषध मिळायचं बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. मी कागद हातात धरून बसले. कारण ते नाव मला दुकानातून नाही, आपल्या घरातून आठवत होतं. मी दहावीला होते त्या वर्षी तुम्ही तेच फवारायचात. तुमच्या शर्टाला त्याचाच वास यायचा, त्या वासात बसून मी अभ्यास केला. तो वास गेला, शर्ट गेला, तुम्ही गेलात. ते अजून तिथंच आहे. माझं दहावीचं वर्ष गंगेच्या तळाशी जसंच्या तसं पडलंय.

साहेबांनी कागद बघितला. वाईट माणूस नाही. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावना समजतात. पण आपले सगळे क्लायंट बागायतदार आहेत. हे इथंच राहू द्या." मी म्हटलं, विचार करते. विचार केला. गर्दीत मागं उभं राहून मी एकदा विचार करून बघितलेला आहे, त्यातून काय निघतं ते मला माहीत आहे.

रिपोर्ट गावासमोर वाचणार म्हटल्यावर दिनकर आधी घाबरला. "तायडे, मालक काम बंद करंल. आन् बोट माझ्याकडंच येनार ना, धुतो तर मीच." म्हटलं, तुझ्या आधी नाना धुवायचे, आणि त्यांच्या जिवावर मी शिकले. बोट आधी माझ्याकडं येऊ दे. मग म्हणाला, "मालकाला सांगतो, हिरीपाशी खड्डा कर, तिथं धुतो. नाय म्हनला तर त्यानंच धुवावा." तुमचा पोरगा ते वाक्य बोलला, नाना, जे मी तुमच्या तोंडून ऐकायला तडफडले.

सोमवारी ग्रामसभा आहे. काकूला सांगितलं. तिनं कोनाड्यातून तुमची ती बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. आतला गाळ वाळून भेगाळलाय. "ही बी ने," म्हणाली. नमुना म्हणून तिची काहीच किंमत नाही. तरी नेणार आहे.

रिपोर्ट मी आधी वाचणार नाही. आधी ती बाटली टेबलावर ठेवणार आणि ज्या पारावरच्या लोकांना तुम्ही माझं नाव घेऊन सांगितलं होतंत, त्यांना सांगणार की गाळाचं मशीन वेगळं नसतं. तेव्हाही नव्हतं. मी नानांशी खोटं बोलले.

हे तुम्हाला सांगायचं होतं, नाना. जिवंतपणी, लॅबच्या त्या काउंटरवर, तुमच्या ओल्या पिशवीसमोर. आता गावाला सांगतेय.